डावी पोटरी

मी दादरच्या एका शाळेत पीटी शिकवते. पाचवी ते दहावीच्या मुलींना पळवते, उड्या मारायला लावते, शिट्टी फुंकते. कॉलेजपर्यंत खो-खो खेळले. वय सत्तावीस. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखूचं तर नावच नको. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण आजारातून उठल्यापासून भेटणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो आणि मग माझ्याकडे असा बघतो की ही काहीतरी लपवतेय. लपवलं होतं, तेही खरंच.

मला जे झालं त्याला डॉक्टर पल्मनरी एम्बॉलिझम म्हणतात. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली, ती सुटली आणि वर येऊन फुप्फुसात अडकली. एवढंच मला कळतं आणि एवढं मला पुरतं. अचानक कोण जातं याची माझ्या डोक्यात एक यादी होती: पन्नाशीचे काका, सिगरेट ओढणारे, पोट सुटलेले. त्या यादीत शिट्टी गळ्यात घातलेली बाई कुठेच नव्हती. आज नऊ महिने झाले, तरी एखादा जिना चढताना मी मध्येच थांबते आणि मनात म्हणते, हे खरंच माझ्या बाबतीत झालं?

इस्पितळात पहिल्या दिवशी डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांतल्या दोन प्रश्नांना आमच्याकडून खोटी उत्तरं गेली. एक मी दिलं, एक माझ्या आईने. गुठळी का झाली हे कळायला नेमकी तीच दोन उत्तरं लागणार होती, आणि ते कळल्याशिवाय माझं पुढे काय करायचं हे डॉक्टरांना ठरवता येत नव्हतं. आम्ही दोघी काही खोटारड्या बायका नाही. लाज वाटली, एवढंच.

गौरी पूर्वात

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझं सासर परळचं, आणि त्यांचं गाव संगमेश्वरच्या पुढे, बरंच आत. त्या गावात नव्या सुनेचा पहिला ओवसा मोठा मानाचा असतो. नटूनथटून सुपं घेऊन गौरीसमोर ओवसायचं, मग घरातल्या मोठ्यांना सुपं देऊन पाया पडायचं. पण तो मनात आलं की होत नाही. गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच. नाही आल्या तर सून थांबते, कधी दोन वर्षं, कधी तीन. गेल्या वर्षी गौरी पूर्वात होत्या आणि माझी तारीख बरोबर गौरीच्या दिवशी.

मम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदाच म्हणाल्या, "हर्षदा, तुझी तारीख कधीची गो?" मी सांगितली. त्या कॅलेंडरकडे बघत बसल्या. मीच म्हटलं, "बघते मी काय ते."

हे मला स्पष्ट लिहायचंय, कारण ऐकणाऱ्या बायका लगेच सासूच्या अंगावर जातात. कुणी जबरदस्ती केली नाही. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मी स्वतः आणल्या, चपला घालून, स्वतःच्या पायांनी जाऊन. आमच्या स्टाफरूममध्ये लग्न असो, बारसं असो, देवाला जायचं असो, याच गोळ्या. मी बारावीत असताना चुलत भावाच्या लग्नाला आईनेच पहिल्यांदा आणून दिल्या होत्या. मेडिकलवाल्याला नावसुद्धा सांगावं लागत नाही. "त्या, पुढे ढकलायच्या," म्हटलं की तो खालच्या आवाजात विचारतो, "किती दिवस?" आणि कागदात गुंडाळून देतो.

मी पंधरा दिवसांच्या घेतल्या. कारण गावाहून परतल्यावर परळला आमच्या बिल्डिंगच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती, आणि त्या पूजेला दरवर्षी नवं जोडपं बसवतात. त्या वर्षीचं नवं जोडपं म्हणजे सिद्धेश आणि मी. एका दगडात दोन पक्षी मारायला निघाले होते.

बस मंडळाने केलेली. जाताना सोळा तास लागले. पायाशी मखराचा खोका, त्यामुळे पाय पोटाशी घेऊन बसलेली. आणि पाणी? गणपतीच्या दिवसांत त्या हायवेवर बाईमाणसाने पाणी प्यायचं म्हणजे पुढचे चार तास देवाचा धावा करायचा. मी निघाल्यापासून अर्धी बाटली पाणी प्यायले असेन, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता.

ओवसा मात्र सुरेख झाला. हिरवी नऊवारी, हातात सूप, अंगणभर बायका. मला फार आवडलं. आज खोटं का सांगू?

परतताना चौदा तास. आता मखराच्या जागी नारळ आणि काकड्यांची गोणी होती.

गोळा आला असेल

मुंबईत उतरले तेव्हा डावी पोटरी दुखत होती. मी पीटीची टीचर. पोटरीत गोळा कसा येतो, तो कसा काढायचा, हे मी वर्षाला दोनशे मुलींना शिकवते. भिंतीला हात टेकून पाय ताणला. बरं वाटलं नाही. अजून ताणला.

दुसऱ्या दिवशी लालबागला आईकडे गेले. बाबा गेल्यापासून आई चाळीत एकटीच राहते, तिसऱ्या मजल्यावर. गौरीचं कौतुक ऐकायला ती आसुसली होती. माझं बोलणं चालू असताना तिचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं.

"काय गो, हा पाय बघ किती मोठा दिसतो."

"बसून बसून झालंय. गोळा आहे."

"आण इकडे."

आईचा हात चाळीत नावाजलेला आहे. कबड्डीची पोरं लचकलेला पाय घेऊन तिच्या दारात येतात. तिने खोबरेल तेल कोमट केलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चांगला दाबून चोळला. दुखत होतं, पण आईच्या हातचं दुखणंही बरं वाटतं. मी तिथेच झोपून गेले.

इथे थांबून एक सांगते, मग पुढे जाते. दोन्ही पाय दुखत नव्हते. एकच दुखत होता. एकच सुजला होता, आणि हात लावला तर दुसऱ्यापेक्षा गरम लागत होता. हे मला दिसलं होतं, आईलाही दिसलं होतं. असं दिसलं तर पाय चोळू नका, ताणू नका, सरळ डॉक्टरकडे जा. एवढं एक वाक्य मला कुणी शाळेत शिकवलं असतं, तर ही बाकीची पानं लिहायची वेळ आली नसती.

संध्याकाळी परळला परत आले, तर पहिल्याच मजल्यावर धाप लागली. वाटलं, आठवडाभर पुरणपोळ्या नि मोदक हाणलेत, सराव नाही, दम लागणारच. दुसऱ्या दिवशी छातीत डाव्या बाजूला टोचायला लागलं, मोठा श्वास घेतला की जास्त. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विचारपूस केली, छाती तपासली आणि दगदग, जागरण, अॅसिडिटी असं सांगून गोळ्या दिल्या. त्यांना मी पायाबद्दल बोललेच नाही. छाती दुखते म्हणून गेलेला माणूस पोटरीबद्दल कशाला बोलेल?

गोड बातमी

पूजेच्या दिवशी सकाळी मी गोळी घेतली, शेवटची. पाटावर मांडी घालून दीड-दोन तास बसले. पाचवा अध्याय संपला, भटजींनी आरतीसाठी उठायला सांगितलं. सिद्धेश उठला. मी हात टेकून उठले, ताम्हन हातात घेतलं, आणि समोरचा मंडप एका बाजूला कलला.

पडले ते सिद्धेशच्या अंगावर. शुद्ध पूर्ण गेली नव्हती. कानावर सगळं पडत होतं. कुणीतरी म्हणालं, "वारा घाला, वारा घाला." आणि मग शेजारच्या काकूंचा आवाज, अगदी लाडिक, "अगं, घाबरता काय, गोड बातमी असेल."

सगळ्या बायका हसल्या. मम्मींचा चेहरा मला दिसला. असा आनंद त्या चेहऱ्यावर मी आधी पाहिला नव्हता. कुणीतरी प्रसादाचा शिरा माझ्या तोंडाला लावत होतं, "खा गं, आता दोघांसाठी खायचं." आणि मी श्वास घेत होते, पण आत काहीच पोचत नव्हतं. तोंड उघडत होते, मिटत होते. हे मला सगळ्यांना सांगायचं होतं आणि सांगायला लागणारी हवाच नव्हती.

सिद्धेशने माझ्याकडे बघितलं. तो तसा बावळट आहे, घरातली मिठाची बरणी त्याला सापडत नाही. पण त्याला दिसलं. "मम्मी, हिचे ओठ बघ. निळे झालेत हिचे ओठ." मग हसणं थांबलं. मंडळाच्या पोरांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं आणि टॅक्सीत घातलं.

नाही, नाही

परळचं मोठं सरकारी इस्पितळ आमच्यापासून पाच मिनिटांवर आहे. त्या पाच मिनिटांनी मी वाचले, असं नंतर मला सांगितलं गेलं. तेव्हा एवढंच आठवतं की बोटाला एक चिमटा लावला आणि त्यावरचा आकडा बघून नर्स पळाली. पीटीच्या टीचरला माणूस कधी रमतगमत पळतो आणि कधी मनापासून पळतो हे बरोबर कळतं.

एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि खाटेभोवती सिद्धेश, मम्मी, पप्पा, म्हणजे माझे सासरे, आणि मंडळाचे दोन काका. आईही लालबागहून धावत आली होती. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं. "मग चुकलीय. प्रेग्नन्सी टेस्ट करावी लागेल."

टेस्ट झाली. नाही निघाली. मम्मींनी पदराने तोंड पुसलं.

"मग पाळी का चुकली? कुठल्या गोळ्या चालू आहेत का? कुठल्याही?"

आणि मी म्हटलं, "नाही. होतं माझं कधी कधी मागेपुढे."

का म्हटलं असं? पप्पा उभे होते, मंडळाचे काका उभे होते. ज्या पूजेतून मला उचलून आणलं त्या पूजेला मी गोळ्या घेऊन बसले होते, हे त्यांच्यासमोर कसं बोलायचं? आणि दुसरं म्हणजे, त्या गोळ्या म्हणजे औषध असं मला वाटतच नव्हतं. औषध आजारी माणूस घेतो. माझ्या पर्समध्ये रिकामी पाकिटं होती, पर्स आईच्या खांद्याला होती, आणि चार डॉक्टर माझं रक्त काढून कारण शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग त्यांनी आईला विचारलं. "हिच्या रक्ताच्या नात्यात कुणाला पायात गुठळी झाली होती? कुणी तरुणपणी अचानक गेलं?"

"नाही," आई म्हणाली. "आमच्यात असलं काही नाही." फार पटकन म्हणाली.

सीटी झालं. दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या होत्या, उजवीकडे मोठी. डॉक्टर मॅडमनी सिद्धेशला बाजूला घेऊन जे सांगितलं ते पडदा अर्धवट असल्यामुळे मला ऐकू आलं. "उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही." माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता: उद्या सकाळी नववीची तुकडी आहे, सांगायला हवं कुणीतरी.

उठायचं नाही

पहिले दिवस आयसीयूत. उठायचं नाही, बसायचं नाही, जोरात कुंथायचंसुद्धा नाही. पोटात सुया, हाताला नळ्या. जी बाई दिवसभर दुसऱ्यांना "उठा, चला, हला" म्हणते, तिला सगळे "पडून राहा" म्हणत होते. बेडपॅनची मला इतकी लाज वाटली की पहिल्यांदा मी रडले ती भीतीने नाही, त्याने. आयाबाई म्हणाल्या, "रडतेस काय, मोठमोठे साहेब बसलेत ह्याच्यावर." मग त्यांनी माझे केस सोडले, पूजेचा वाळका गजरा काढला, वेणी घातली. अजूनही देवाचं नाव घेताना मला त्यांची बोटं आठवतात.

भीती सकाळी जास्त वाटायची, सगळं उजेडात दिसत असताना. समोरच्या खाटेवरच्या आजी मला विचारायच्या, "तू कुणाला भेटायला आलीस गं?" मी पेशंट आहे हे त्यांना पटतच नव्हतं. मलाही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. त्या दिवशी लालबाग-परळमधून कुणाला कुठे जाता येत नाही. कसाबसा दुपारपर्यंत येतो असा सिद्धेशचा निरोप आला. आई तेवढी पोचली, गल्लीबोळांतून चालत, अंगभर गुलाल घेऊन. नर्सने तिला दारातच थांबवून गुलाल पुसायला लावला. बाहेर ढोल-ताशे इतके वाजत होते की माझ्या खाटेची दांडी थरथरत होती.

आणि तेव्हा मला पाळी आली. गोळ्या थांबल्यावर दोन-तीन दिवसांत ती येणारच होती. पण आता रक्त पातळ करणारं औषध नळीतून चालू होतं. अर्ध्या तासात चादर भिजली. आयाबाईंनी चादर बदलली, ती पुन्हा भिजली. नर्स ओरडली नाही, पण तिचा चेहरा बदलला. डॉक्टर मॅडम आल्या, स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना फोन गेला. माझ्या डोक्यावरून बोलणं चाललं होतं, आणि त्यातलं एक वाक्य मला नीट समजलं. औषध थांबवलं तर गुठळ्या वाढतील, चालू ठेवलं तर ही अशी वाहत राहील.

त्या क्षणी मला कळलं की मी मरू शकते. पूजेत कळलं नव्हतं, सीटीतही नाही. तेव्हा कळलं.

"मॅडम," मी म्हटलं, "मी गोळ्या घेत होते. पाळी पुढे ढकलायच्या. पंधरा दिवस."

डॉक्टर मॅडमनी हातातली फाईल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "परवा विचारलं होतं मी तुम्हाला."

"ते औषध आहे असं वाटलं नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. चिडल्या होत्या, पण कुणावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "माझ्या बहिणीच्या पर्समध्येपण असतात त्या," त्या म्हणाल्या. मग भराभर सूचना दिल्या. औषध कमी-जास्त करत, रक्ताच्या दोन पिशव्या चढवत, संध्याकाळपर्यंत त्यांनी मला धरून ठेवलं. रक्तस्राव हळूहळू कमी झाला. बाहेरचे ढोल मात्र चालूच होते.

त्यांनी नंतर शांतपणे समजावलं. त्या गोळ्यांनी सगळ्यांना असं होत नाही. लाखो बायका घेतात. पण गोळ्या, त्यात तेवढा लांबचा प्रवास, त्यात पाणी नाही, असं सगळं एका ठिकाणी आलं. "तरी मला वाटतं, तुमच्या रक्तातच काहीतरी असेल. टेस्ट पाठवू. घरात कुणाला खरंच नव्हतं ना? कारण तसं असेल, तर औषध सहा महिन्यांचं की जन्मभराचं, हे बदलतं."

मी आईकडे बघितलं. आई खाटेची दांडी धरून उभी होती.

"आणि पाय सुजल्यावर काही केलं होतं का? शेक, मालिश?"

"मी चोळला," आई म्हणाली.

"चोळायचा नसतो, काकू. गुठळी सुटू शकते त्याने." त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या.

आईच्या तोंडावरचा रंग उतरला. मला वाटलं, माझ्यामुळे. तिने पिशवी उचलली आणि निघून गेली. पुढचे दोन दिवस ती आली नाही. फोन उचलायची, "हं, बरी आहे," म्हणायची आणि ठेवायची. मी सिद्धेशवर चिडले, मम्मींवर चिडले, भात गार आहे म्हणून आयाबाईंवर चिडले. मरता मरता वाचलेय मी, आणि माझी आई रुसून बसलीय, असं मला वाटत होतं.

मम्मींनी त्या दोन दिवसांत एकदाच तो विषय काढला. सफरचंद चिरता चिरता म्हणाल्या, "ओवसा पुढच्या पूर्वाला केला असता तर काय बिघडलं असतं. मी कॅलेंडर बघितलं, हीच चूक." मी म्हटलं, "गोळ्या मी आणल्या, मम्मी." त्या म्हणाल्या, "हो, पण बघितलं मी." आमच्यात एवढंच बोलणं झालं, पण त्यानंतर आम्ही एकमेकींशी जरा बरं वागतो.

बारा दिवसांची

तोवर मला जनरल वॉर्डात हलवलं होतं. आई दुपारी आली. डबा नाही, फळं नाही. मला न विचारता सरळ डॉक्टर मॅडमना शोधून घेऊन आली. सिद्धेश होता, मम्मी होत्या. आईने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"डॉक्टर, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "माझी बहीण गेली. धाकटी. शैला."

शैलामावशी बाळंतपणात गेली एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. घरात तिचा फोटो नाही. तेव्हा बाळंतपणात बायका जायच्या, असं मी धरून चालले होते.

"बाळंतपणात नाही गेली," आई म्हणाली. "बाळंतपण चांगलं झालं होतं. बाराव्या दिवशी बारसं होतं. बारा दिवस तिला खाटेवरून उतरू दिलं नव्हतं आम्ही. तिचा डावा पाय सुजला होता. मी बावीस वर्षांची होते, तिचं लग्न आधी झालं, माझं नव्हतं झालं. मीच तिला तेल लावायची. तो पाय मी रोज चोळला, जास्त चोळला, सूज उतरावी म्हणून. बारशाला साडी नेसवून उभी केली, पाळण्यापर्यंत गेली, आणि पडली. उठलीच नाही."

आईने माझ्या पायावरची चादर सारखी केली.

"सगळे म्हणाले, मुलगी मूळ नक्षत्रावर झाली. आईच्या मुळावर आली. मी पण तेच धरलं. इथे ह्यांच्यासमोर कसं बोलणार, आमच्या घरात अशी पोर झाली म्हणून? हर्षदाच्या सासरी?" मग तिने पहिल्यांदा मम्मींकडे बघितलं. मम्मींनी स्टूल पुढे सरकवलं आणि तिला बसवलं.

"गुठळीच होती का ती, डॉक्टर? शैलाची?"

"आता खात्रीने नाही सांगता येणार," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "पण ऐकून तसंच वाटतं."

"मी चोळला नसता तर?"

"तेही नाही सांगता येणार. तेव्हा बाळंतिणीला कुणी चालवत नव्हतं, काकू. तुम्ही एकट्यांनी काही केलं नाही." मग त्यांनी विचारलं, "तिची मुलगी आहे का? तिला कळवायला हवं. तिची टेस्ट करायला हवी. दिवस राहायच्या आधी तर नक्की."

मनीषाताई आहे. वडाळ्याला राहते, एकतीस वर्षांची. आमच्यापैकी कुणाच्याही डोहाळजेवणाला, बारशाला ती आलेली मी पाहिलेली नाही. भेट पाठवते, फोन करते, येत नाही. तिला मूल नाही. का नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही, कारण उत्तर आम्हाला माहीत होतं, आणि ते आम्हीच लहानपणापासून तिला दिलं होतं. मला इस्पितळात ठेवल्यावर तीही आली होती म्हणे. वॉचमनपाशी नारळपाणी ठेवून, "मी वर नको," म्हणून खालच्या खाली गेली.

माझ्या रक्ताच्या टेस्टमध्ये पुढे दोष निघालाच. मला रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागणार आहेत, रोज एक, आणि ती घेताना आता मी कुणापासून लपत नाही. पण ते नंतरचं. त्या दुपारी आईने माझ्या खाटेपाशी बसूनच फोन लावला. तिला फोन कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून ती नेहमी स्पीकरवर बोलते. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं असेल, तिला त्याचं भान नव्हतं.

"मनी, मावशी बोलते. हर्षदा बरी आहे, घाबरू नको. तुझ्या आईचं सांगायचंय."

आईने फोन आणखी तोंडाजवळ नेला.

"तिला पायात गुठळी झाली होती गो. नक्की नाही म्हणतात डॉक्टर, पण तसंच दिसतं. ती सुटून वर गेली. आमच्या घरात रक्तातच आहे ते, आता हर्षदाला झालं. आणि तो पाय मी चोळला होता, मनी. मी. एकतीस वर्षं तुला लोक बोलले, आम्ही ऐकून घेतलं. मी पण मनात तेच धरलं. तू काही केलं नव्हतंस. तू बारा दिवसांची होतीस."

फोनमधून आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मी तो मोजत होते. नऊ महिन्यांनंतर आजही मला तो आकडा आठवतो, अकरा. मग मनीषाताई बोलली.

"मावशी, तू पण बावीसचीच होतीस ना?"